ट्यूबचं वायसर

त्या दिवशी ऊन उतरल्यावर आम्ही दोघांनी मिळून एका जुन्या जेरी कॅनच्या झाकणाला पिन बसवली. सुमननं — माझ्या बायकोनं — खटका दाबून धरला, मी हातोडीनं पिन ठोकली. दोन ठोके झाल्यावर ती म्हणाली, "माझं बोट हाय तितं, बघा जरा." मी म्हणालो, बघूनच मारतोय. झालं. एवढंच. असलं काम आम्ही हजार वेळा केलं असेल, म्हणून मी त्याच्याकडं लक्षसुद्धा दिलं नाही. चहा ठेवते म्हणून ती उठली आणि गॅसपर्यंत पोचली नाही. भिंतीला धरून खाली बसली. डॉक्टर येईस्तोवर सगळं संपलं होतं.

आता जे सांगतो ते आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. पोराच्या नाही, पोरीच्या नाही. आणि सुमनला — तिला सांगायची गरजच नव्हती. तिला माहीत होतं. तेच तर —

थांबा. आधी धंद्याचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

मी चौथी शिकलेला माणूस. लष्कराच्या लिलावातले जुने पत्र्याचे कॅन नगरहून आणायचे, दुरुस्त करायचे आणि काष्टीच्या बाजारात विकायचे, हा माझा जन्माचा धंदा. शेतकरी डिझेल-पेट्रोल न्यायला घेतात. त्या कॅनचा पत्रा मरत नाही. मरतं ते बारीक सामान — खटक्याची पिन, झाकणाची साखळी आणि झाकणाच्या आतलं रबराचं वायसर. लोकांना वाटतं, सगळे कॅन एकसारखे. नसतात. एकाला पातळ वायसर लागतं, दुसऱ्याला जाड. एकाची पिन दुसऱ्यात जाते, पण सुताभर खुळखुळते. मी कॅन नुसता हातात घेऊन सांगायचो, ह्याला काय लागेल. लोक मला जेरीचा डॉक्टर म्हणायचे. मला ते लई आवडायचं. खोटं कशाला बोलू?

वायसर मात्र सुमन घरी कापून ठेवायची. तेला-पेट्रोलात टिकणारं रबर वेगळं मिळतं, त्याची शीट अंथरून वर गोल धारेचा लोखंडी पंच ठेवून ठोकायची. कड अशी गोल यायची की बोट फिरवलं तर कुठं अडकायचं नाही. तिची एक रीत होती. नवं रबर आलं की त्याचा तुकडा दिवसभर पेट्रोलच्या वाटीत टाकायचा. फुगला तर ते रबर फेकायचं. ट्यूबचं रबरही काळंच असतं, मऊ असतं, बसतंही झकास — पण पेट्रोलात ते भिजल्या भाकरीसारखं फुगतं. ती म्हणायची, काळं सगळं सारखंच दिसतं, म्हणून वाटीला इचारायचं. आणि मला चिडवायची — डॉक्टर तुमी, पन तपासनी माझ्याकडं.

अकरा वर्षं झाली त्याला. एका बाजाराला सुमन नव्हती. बहीण आजारी म्हणून देवळाली प्रवरेला गेलेली. आमच्याच गावातले, कालव्याकडच्या वस्तीवरचे तात्या कॅन घेऊन आले. फवारणीच्या पंपासाठी पेट्रोल भरायचं होतं. झाकणाचं वायसर गेलेलं. त्याला जाड लागत होतं आणि जाड माझ्याकडं संपलेलं. पुढच्या बाजाराला या, एवढंच म्हणायचं होतं मला. पण मागं चार माणसं उभी होती. तात्या त्यांना सांगत होते, हा डॉक्टर आहे, ह्याच्याकडून कुणी हात हालवत जात नाही. मग काय केलं मी? वायसर आणतो म्हणून उठलो, शेजारच्या पंक्चरवाल्याकडून ट्यूबचा तुकडा घेतला, त्याच्याच आडोशाला ब्लेडनं गोल कापला आणि आणून बसवला. खटका ठक्कन लागला. तात्या खूश.

चुकून झालं असं म्हणू नका. माहीत असून केलं. पुढच्या बाजाराला बदलून देऊ असं मनात म्हटलं, आणि पुढच्या बाजाराला तात्या समोरून गेले तेव्हा मी कॅन पुसत बसलो. हाक मारली नाही. चार माणसांत हाक मारून काय सांगणार — मी तुम्हाला खोटं वायसर लावलंय?

दोनेक आठवड्यांनी तो कॅन त्यांच्या पडवीत कलंडला आणि झाकणातून पेट्रोल वाहिलं. चूल तिथंच, चार हातांवर. तात्यांची सून मंगल, लग्नाला वर्षही झालं नव्हतं, ती पाणी तापवत होती. ती जगली. पण विझवताना दोन्ही हात भाजले आणि उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली ती कायमची.

तिसऱ्या दिवशी तात्या माझ्या दारात आले. बरोबर भावकीतली सहा-सात माणसं. त्यांनी ते झाकण माझ्या हातात ठेवलं. वायसर फुगून जिभेसारखं बाहेर लोंबत होतं. तात्यांनी ओरडून नाही विचारलं. हळूच विचारलं — हे कुणी कापलं? सुमन माझ्या मागंच उभी होती, नुकतीच बहिणीकडून परतलेली.

मी म्हणालो, "वायसर हीच कापती."

बघा, कसं बोललो ते. वाक्यात खोटं काहीच नाही. वायसर तीच कापायची, सगळ्या गावाला ठाऊक होतं. ते वायसर तिनं कापलं असं मी म्हणालोच नाही. किती वर्षं मी ह्या एका गोष्टीवर स्वतःची समजूत काढली असेल! पण माझ्या मनात काय होतं ते मला माहीत आहे. माझ्या हातून गेलं म्हटलं तर डॉक्टर मेला. बाईच्या हातून गेलं म्हटलं तर लोक बाईला बोलतील आणि कॅन माझ्याकडंच आणतील. तेवढ्या वेळात मी एवढा हिशोब केला.

सुमननं माझ्या हातातून झाकण घेतलं. ब्लेडची वेडीवाकडी कड बघितली, नखानं रबर दाबलं. मग माझ्याकडं बघितलं. मी खाली बघत होतो. ती तात्यांना म्हणाली, "चुकलं माझं."

का म्हणाली? मी तिला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं बोलावं लागलं असतं ना.

तिनं पंच फडक्यात गुंडाळून ठेवला तो ठेवलाच. पुन्हा एक वायसर कापलं नाही. तीन महिने रोज वस्तीवर चालत गेली, मंगलच्या घरच्या भाकरी थापल्या, मंगलची वेणी घातली. नळावर बायका हसत म्हणायच्या — सुमनबाई, आमच्या हंड्याला हात नगा लावू, जळंल. हे तिनं मला कधी सांगितलं नाही, पोरीकडून कळलं. पोरगीही तेव्हा आईवरच चिडली होती. तुला कळत नव्हतं का गं, म्हणाली. मी तिथंच जेवत होतो. जेवत राहिलो.

आणि माझा धंदा? चालला. लोक मला म्हणायचे, बायकांवर टाकत जाऊ नका, स्वतः बघत जा. मी मान हालवायचो.

अकरा वर्षांत ती एकदाच बोलली. ताटं उचलता उचलता म्हणाली, "तुमी सांगाल असं वाटलं व्हतं." मी पाणी मागितलं. तिनं दिलं.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा-पोरगी पुण्याहून पोचले. बुद्धवंदना म्हणून झाली. उचलायच्या आधी बायका शेवटचं बघायला येत होत्या, त्यात मंगल आली. दोन लेकरांची आई झालीय आता. तिनं आपला तो हात सुमनच्या पायांवर ठेवला आणि म्हणाली, "काकी, माझा राग कवाच गेलाय. मनात ठिऊन जाऊ नका." बायका रडायला लागल्या. पोरगी तर मोठ्यानं रडली. मग मंगल माझ्याकडं वळली — "काका, तुमी पन मनात ठिऊ नका. मानूस चुकतंच."

सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. तात्या होते, पोरगा होता, अर्धं गाव होतं. एक वाक्य पुरलं असतं. सुमन तिथंच होती, अजून उचलली नव्हती.

मी मंगलपुढं हात जोडले आणि म्हणालो, "तिच्या वतीनं मी माफी मागतो, पोरी."