अकरावा प्रश्न

माझ्या ट्रंकेत एकाच कागदाच्या दोन प्रती आहेत. एकीत दहा प्रश्न आहेत, दुसरीत अकरा. दहाची प्रत मोठी आहे, तपकिरी कागदावर, टाकाने जाड अक्षरात लिहिलेली. तिच्या चारही कोपऱ्यांना खिळ्यांची भोकं आहेत. अकराची प्रत वहीच्या पानावर आहे आणि ती माझ्याशिवाय कुणी पाहिलेली नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या निवडणुकीच्या वेळी मी जळगावात मुलींच्या शाळेत शिक्षिका होते. आठवड्यातून तीन दिवस, शाळा सुटल्यावर, जिनात काम करणाऱ्या बायांचा साक्षरतेचा वर्ग त्यांच्याच वस्तीत घ्यायचे. जिन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. या बाया तिथं ढिगापुढे बसून कवडी वेचत. कवडी म्हणजे किडका, डागाळलेला कापूस. तो हातानं बाजूला काढायचा आणि उरलेला चांगला माल यंत्राकडे द्यायचा. वर्गात येताना त्यांच्या केसांत, भुवयांत कापूस असे. पाटीवर हात फिरवला की पाटीवरही.

वर्गात सगळ्यांत मोठ्या होत्या त्यांना आम्ही अक्का म्हणत असू. धरणगावकडच्या. नवरा दम्यानं घरी बसलेला, चूल अक्कांच्या कामावर. पन्नाशीला त्यांनी अक्षर गिरवायला घेतलं आणि वर्षभरात जोडाक्षरापर्यंत आल्या. वाचताना प्रत्येक शब्दाखाली बोट धरायची माझी सक्त ताकीद होती, ती त्यांनी शेवटपर्यंत पाळली.

त्या निवडणुकीत सगळीकडे मराठी राज्याचाच गजर होता. आमच्याकडचे दोन मुख्य उमेदवार त्याच बाजूचे, दोघंही अपक्ष, दोघंही पुरोगामी. एक वकील होते. त्यांना लोक भाऊ म्हणत. दुसरे कामगारांचे पुढारी, ते नाना. दोघांनाही कसेल त्याची जमीन हवी होती, बाईला पुरुषाइतकी मजुरी हवी होती. मग मत कुणाला द्यायचं, हा पेच बायांना पडला होता.

"बाई, तुम्ही दोन्हीस्ले ईचारा आन् लिखी द्या," अक्का म्हणाल्या. "आम्ही वाचसूत."

वाचणार म्हणाल्या, हे ऐकून मला काय आनंद झाला! मी लगेच कामाला लागले. वर्गात बसून बायांकडूनच प्रश्न काढून घेतले, सारखे प्रश्न एकत्र केले, क्रम लावला. अकरा झाले. अकरावा अक्कांचा होता: "जिनमा नवं मशीन उनं ते कवडी वेचनारीस्नं काय?" म्हणजे, नवं यंत्र आलं तर कवडी वेचणाऱ्यांचं काय?

आधी नानांना गाठलं, जिनाच्या गेटावर, पाळी सुटताना. ते एका जागी उभेच राहत नसत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना चौथ्यावर जात, मध्येच कुणाच्या पाठीवर थाप मारत, कुणाच्या लेकीची चौकशी करत. त्यांचं म्हणणं एवढं कळलं: कायदा आधी. जमिनीची कमाल मर्यादा ताबडतोब ठरवा आणि वरची जमीन मजुरांना वाटा. जिनं सरकारनं ताब्यात घ्यावीत. किमान मजुरीचा कायदा आहे तो पाळत नाहीत, तो पाळायला लावायचा, नाही पाळला तर संप. बियाणं, पाणी, बाजार हे प्रश्न मी विचारले तेव्हा म्हणाले, "माणूस उभा ऱ्हायला की बाकीचं तो बघून घेतो, बाई."

अकराव्या प्रश्नाला ते हसले. "मशीन? गेटात पाय ठेवू देणार नाही त्याला." मग जाता जाता मागं वळून, आवाज उतरवून म्हणाले, "आन् आलंच, तर एक बाई काढली तर बठ्ठ्या, सगळ्याच्या सगळ्या, बाहेर बसतील. एवढं लिहा."

मी लिहिलं, पण मनात म्हटलं, हे धोरण नव्हे, ही धमकी आहे.

वकीलभाऊ स्वतः शाळेत आले. मुलींच्या बुटक्या बाकावर गुडघे वर करून बसले आणि प्रश्न पहिला, प्रश्न दुसरा, असे क्रमानं घेत गेले. त्यांचं म्हणणं, संस्था आधी. जमीन वाटा, जरूर वाटा, पण वाटण्याआधी सोसायटी उभी करा, नाहीतर बी आणि बैल नसलेला माणूस वर्षात ती जमीन दुसऱ्याच्या हाती देईल. कापूस पिकवणाऱ्यांनी मिळून स्वतःचं जिन काढावं, त्यात मजुरांनाही सभासद करावं. मजुरी पायरीपायरीनं वाढवावी, म्हणजे ती टिकते. प्रत्येक उत्तर तीन-चार वाक्यांचं. माझ्या रकान्यात बरोबर बसणारं. मी इतकी हरखले की दहाव्या प्रश्नापर्यंत माझं मत ठरून गेलं होतं.

हे आज लिहिताना कान गरम होतात. एका माणसाचा आर्थिक विचार मी कशावरून पारखला, तर त्यानं प्रश्न क्रमानं घेतले यावरून.

अकरावा प्रश्न ऐकून मात्र त्यांनी हातातला चहाचा कप बाकावर ठेवला.

"बाई, खोटं सांगत नाही. सहकारी जिन काढायचं तर नवं यंत्र आणावंच लागेल, नाहीतर बाजारात टिकणार नाही. कवडी वेचणाऱ्या निम्म्या तरी बायांचं काम जाईल. त्यांच्यासाठी दुसरं काम उभं करायला दोन-तीन वर्षं लागतील. हे असंच लिहा. त्यांना कळू द्या."

"लिहिते," मी म्हटलं.

त्या दिवशी वहीत लिहिलंही. तीच ती अकराची प्रत. पण भिंतीवरचा मोठा कागद करायला बसले तेव्हा दहाव्या प्रश्नाखाली रेघ मारून थांबले. मनाशी कारण काढलं की नानांचं उत्तर नीट उत्तरच नाही, आणि एकाच बाजूचं उत्तर असलेला प्रश्न तुलनेत घालणं अन्यायाचं. मग कागद संपला असंही मनाला सांगितलं. कागद संपला नव्हता. खाली चार बोटं जागा होती, ती आजही तशीच कोरी आहे. खरं कारण मला तेव्हाच माहीत होतं. अकरावा प्रश्न लिहिला असता, तर जिनातलं एकही मत भाऊंना पडलं नसतं.

कागद वर्गात लावला त्या दिवशी बाया त्याच्यापुढे गोळा झाल्या. एकीनं दोन रकान्यांकडे बोट दाखवलं. "बाईनी दोन नवरदेव मांडी दिधात. आते गुण दखा!"

"गुण ऱ्हाऊ द्या," दुसरी म्हणाली, "हुंडा कोन कमी लेस ते सांगा."

हसण्याचा गलका झाला. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी बोट धरून पहिल्यापासून दहाव्यापर्यंत सगळं वाचलं. खूप वेळ लागला. मग माझ्याकडे वळून त्यांनी आपल्या प्रश्नाचं विचारलं, "बाई, मना सवाल?"

"त्यावर दोघांचं सारखंच म्हणणं आहे, अक्का," मी म्हटलं. "म्हणून नाही लिहिला."

त्यांनी मान हलवली. बाईंनी सांगितलं म्हणजे झालं.

त्या काळी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, पेटीवर त्याचं चिन्ह, आणि ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत कागद टाकायचा. त्याचा सराव व्हावा म्हणून मी वर्गात दोन डबे ठेवले. एकावर भाऊंची शिडी काढली, दुसऱ्यावर नानांचं फूल. मताच्या कागदाऐवजी सरकीचा एकेक दाणा. जिनात बायांची टोळी एकत्र बसायची, एकत्र उठायची, आणि मताचंही त्यांनी तसंच ठरवलं होतं: फूट पडायची नाही, अक्का टाकतील तिथं सगळ्या टाकतील. अक्कांनी दोन्ही डब्यांपुढे उभं राहून पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहत होते. त्यांनी दाणा शिडीच्या डब्यात टाकला. मग एकामागून एक सगळे दाणे तिथंच पडले. डबा पत्र्याचा होता, प्रत्येक दाणा वाजत होता.

भाऊ थोड्या फरकानं निवडून आले. बोलल्याप्रमाणे वागले. दोन वर्षांत सहकारी जिन उभं राहिलं, शेतकरी सभासद झाले, काही मजूरही झाले. यंत्र आलं. पाठोपाठ जुन्या जिनवाल्यांनीही यंत्रं बसवली. नानांनी संपाची हाक दिली, पण निवडणुकीत आपल्याला सोडून गेलेल्या टोळीवर त्यांचा जोर उरला नव्हता. कवडी वेचणाऱ्या निम्म्या बाया घरी बसल्या. वयानं मोठ्या होत्या त्या आधी. अक्का पहिल्याच यादीत होत्या.

त्या भाऊंकडे गेल्या. भाऊ म्हणाले, "हे मी आधीच सांगितलं होतं, अक्का. बाईंना लिहून घ्यायलाही सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत अक्का शाळेत आल्या. काखेत तो तपकिरी कागद, गुंडाळलेला. वर्गाच्या भिंतीवरून त्यांनी स्वतः उतरवला होता. माझ्या टेबलावर तो पसरला, कोपऱ्यांवर खडूची पेटी आणि डस्टर ठेवलं, आणि बोट धरून वाचायला सुरुवात केली. पहिल्या प्रश्नापासून. मी मध्येच म्हटलं, "अक्का, राहू द्या." त्या थांबल्या नाहीत. दहावा संपल्यावर बोट खाली कोऱ्या जागेवर आलं.

"मना सवाल कोठे शे?"

मी टेबलावरच्या वह्या नीट लावू लागले.

"सारखं शे म्हनी तुम्ही सांगं. भाऊ सांगतस ते येगळं." त्यांचा आवाज चढलेला नव्हता, तेच सोसवत नव्हतं. "लिखेल ऱ्हातं ते मी वाची लेती, बाई. तुम्हीच शिकाडं ना मले."

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"मले नका सांगू. गेटवर या. बायास्ले सांगा, भाऊनी लपाडं नही म्हनी. त्या त्याले खोटारडा म्हनतस. आन् मले बी. मी दाना टाका ना पहिला."

"येते," मी म्हटलं. "परीक्षा झाल्या की येते."

त्यांनी कागद माझ्याकडेच ठेवला आणि गेल्या.

त्या आठवड्याची माझी यादी अजून वहीत आहे. मी काम झालं की पुढे खूण करते, आयुष्यभर करत आले. पेपर तपासणे, खूण. दिवाबत्तीचं तेल, खूण. आईला पत्र, खूण. बदलीचा अर्ज, खूण. जिनाच्या गेटावर जाणे. पुढे काही नाही.

अर्ज मंजूर झाला आणि मी धुळ्याला आले. अक्का जामनेरकडे कापूस वेचायला रोजानं जातात, एवढं मागाहून कळलं. उभ्यानं, उन्हात, त्या वयात.

धुळ्यात वर्षभरानं एस. टी. स्टँडवर भाऊ भेटले. त्यांनीच मला ओळखलं, हातातली पिशवी खाली ठेवून नमस्कार केला. शाळेची विचारपूस केली. मग जरा घुटमळून म्हणाले, "बाई, एक विचारू? ते यंत्राचं मी सांगितलं होतं, ते तुम्ही बायांना लिहून दाखवलं होतं ना?"

गाडी लागायला वेळ होता. आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. सांगितल्यानं कुणाचं काही बिघडणार होतं असंही नाही. खरं बोलायला याहून सोपी जागा मला पुन्हा मिळाली नसती.

"हो," मी म्हटलं. "दाखवलं होतं."

"मग मला खोटारडा का म्हणतात, तेच कळत नाही," ते म्हणाले. "विसरल्या असतील. तुमच्या कामात चूक व्हायची नाही, हे मला ठाऊक आहे."

माझी गाडी आली तेव्हा माझी ट्रंक त्यांनी उचलून वर दिली. दोन्ही प्रती तिच्यातच होत्या.

कायदा आधी की संस्था आधी, यावर आज मला विचारलं तर मी दोन्ही बाजूंनी तासभर बोलू शकते. बोलतेही. पण अक्कांनी जे सांगितलं होतं ते गेटावर जाऊन, त्या बायांसमोर, तोंडानं सांगायचं होतं. आता ते जिनही बंद झालंय म्हणतात. हे सगळं लिहून काढलं, तरी वहीतल्या त्या ओळीपुढे मी खूण केलेली नाही.