आधीच खाल्लेले पेढे

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी लिहिण्याचा संबंध आला तो मुंबईला जाणाऱ्या पोस्टकार्डांपुरता, आणि तीसुद्धा वडील दुसऱ्याकडून लिहून घेत. मी स्वतः आजवर जे लिहिलं ते परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत, आणि तिथेही एकदा तपासणाऱ्याचं समाधान झालं नाही, ते पुढे येईलच. अशा माणसाने कुणाविषयी चार पानं लिहायला बसावं हे बरोबर नाही, हे मला कळतं. पण आमच्या मामांविषयी लिहील असं दुसरं कोणी नाही. ज्यांना लिहिता येतं ते मुंबईला आहेत, आणि जे वाडीत आहेत ते मामांचा विषय निघाला की हसायला लागतात आणि थांबत नाहीत. तेव्हा धीर करून एक विधान करतो. महाडपासून पोलादपूरच्या वरच्या शेवटच्या वाडीपर्यंत आमच्या मामांइतका घाईने आनंदी होणारा माणूस आजवर झाला नाही. लोक एखादी चांगली गोष्ट झाल्यावर आनंद करतात, फार तर होत असताना करतात. मामा ती व्हायच्या आधी करून मोकळे होत.

मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. आमची वाडी आणि त्यांची वाडी यांच्यामध्ये एक ओढा आहे, एवढंच अंतर. तीन म्हशी, उतारावर नाचणी आणि वरी, खाली थोडं भात, असा त्यांचा संसार. उंची बेताची, डोक्याला टोपी, आणि चालणं असं की पुढे कुठेतरी पंगत बसली आहे आणि आपलं पान वाढून झालं आहे. वाडीत वीज आली, त्याच्या दोन वर्षं आधीपासून त्यांच्या ओटीवर बल्ब लटकत होता. नुसता बल्ब, आढ्याला सुतळीने बांधलेला. दिवाळीत मामी घर सारवायची आणि मामा बल्ब पुसायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "खांब पोलादपुरात येऊन पडलेत. तिथनं हितं यायला काय येळ?" खांबांना यायला दोन वर्षं लागली. शेवटी वायरमन आला, त्याने मोठ्या कौतुकाने तोच बल्ब लावला, आणि तो पेटेना. सगळी वाडी हसली. मामांनी तो शांतपणे काढून कापडात गुंडाळला आणि म्हणाले की दोन वर्षं उजेड दिला त्यानं, आता दमला असंल.

म्हशीचंही तसंच. एकदा त्यांची म्हैस व्यायला झाली होती. गणपतीला आलेली मुंबईची मंडळी दोन दिवसांत परतणार होती. मामांनी हिशेब केला की म्हैस आज ना उद्या व्यायलाच हवी, आणि सगळ्यांना खरवसाचं आमंत्रण देऊन टाकलं. वीस-बावीस माणसं वाट्या घेऊन अंगणात बसली. म्हैस समोर बसली होती. माणसं म्हशीकडे बघत होती, म्हैस माणसांकडे बघत रवंथ करत होती. तासाभराने मामीने त्याच वाट्यांतून सगळ्यांना चहा दिला. म्हैस त्यानंतर नवव्या दिवशी व्याली. पण मुंबईची माणसं अजून सांगतात की असं हसणं त्या वर्षी गणपतीतही झालं नव्हतं, आणि मामांचं म्हणणं असं की माणसं खरवसासाठी थोडीच बसतात, बसायला निमित्त लागतं म्हणून खरवस असतो.

मामी कपाळाला हात लावायची. आधी बोलून दाखवलं की होणारं काम बिघडतं, अशी सगळ्या वाडीची समजूत होती, आणि मामी त्या समजुतीची मुख्य राखणदार. थोरल्या मुलीच्या लग्नाच्या वेळी तर तिने तीन दिवस अबोला धरला. मामा पाचाडच्या बाजूला मुलगा बघायला गेले होते. मुलगा कंपनीत होता, बिरवाडीला खोली घेऊन राहायचा. बोलणी अर्धवट झाली, विचार करून कळवतो असं मुलाकडचे म्हणाले. मामा येताना वाटेत महाडला उतरले आणि बाजेवाल्याला मेचा मुहूर्त सांगून आले. आता योग असा की तो बाजेवाला मुलाच्याच गावचा. त्याने घरी गेल्यावर मुलाच्या वडलांचं अभिनंदन केलं. वडलांना वाटलं, बायकोने परस्पर शब्द दिला. बायकोला वाटलं, नवऱ्याने दिला. दोघांनाही एकमेकांचा शब्द मोडायचा नव्हता. लग्न झालं, मेमध्येच झालं, आणि जावई इतका चांगला निघाला की मामीला पुढे अबोला धरायला कारण उरलं नाही.

फक्त एका बाबतीत मामांचं काही चाललं नाही. एकदा जेवताना ते म्हणाले की आपल्या तेराव्याचं जेवणही आपल्या देखत व्हायला पाहिजे. सगळे जमणार, वडे होणार, मुंबईहून माणसं येणार, आणि नेमका मीच नसणार, हे काय बरोबर नाय. मामी चुलीपुढे घावनं काढत होती. तिने उलथणं वर केलं आणि म्हणाली, "त्येवढं एक आधी व्हायचं नाय." मामांनी मान खाली घालून घावन खाल्लं. पुन्हा तो विषय काढला नाही.

हे सगळं कुठून आलं, ते मला त्यांनी एकदाच सांगितलं. ओढ्यावर म्हशी धूत होते तेव्हा. तरुणपणी ते पाच-सहा वर्षं मुंबईला एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कामाला होते. थोरली मुलगी झाली तेव्हा वाडीतून कोणाकडून तरी पोस्टकार्ड लिहून टाकलं. ते त्यांच्या खोलीवर पोचलं तोवर मुलगी बारा दिवसांची झाली होती आणि वाडीत बारसं जेवून माणसं घरी गेली होती. "बारा दिस मी बाप होतो नि मला ठावं नव्हतं," मामा म्हणाले. "भांडी घाशीत बसलो होतो." मग म्हशीच्या पाठीवर पाणी मारून म्हणाले की बातमी येईल तिच्या पायांनी, आनंदानं तिची वाट कशाला बघायची.  त्या म्हशीला त्या दिवशी नेहमीपेक्षा बराच वेळ घासलं.

आता माझ्याकडे येतो. आमच्या दोन्ही वाड्यांत बारावीला बसलेला मी पहिला. निकाल जूनमध्ये लागायचा होता, पण मुंबईकर मेअखेरीस परत जातात. मग खाणार कोण? म्हणून मामांनी माझ्या पास होण्याचे पेढे मेमध्येच वाटले. दोन्ही वाड्यांत घरोघर दिले. पोलादपूरच्या दुकानदाराला दिले, एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरना दिले, आणि आमच्या इंग्रजीच्या सरांनाही दिले. सरांनी पेढा हातात घेऊन माझ्याकडे जे पाहिलं, त्यावरूनच मला काय ते कळायला हवं होतं.

मी इंग्रजीत उडालो. महाडहून निकालाचा कागद घेऊन एसटीत बसलो तर कंडक्टर तोच, पेढा खाल्लेला. त्याने काय झालं विचारलं आणि मी खिडकीबाहेर पाहिलं. पोलादपूरला उतरून मी सरळ वाट सोडली आणि रानातून चढून घरी गेलो, म्हणजे कोणाचं घर लागू नये. ठरवूनच टाकलं होतं की शिक्षण पुरे, बिरवाडीला जाऊन एखाद्या कंपनीत चिकटायचं. मामा संध्याकाळी ओढा ओलांडून आले आणि ओटीवर माझ्याशेजारी बसले.

"मामा, मी नापास झालो."

"कोण म्हणतं?"

मी कागद पुढे केला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मराठीही जेमतेम, पण त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि घडी घालून परत दिला.

"ह्यो दुसरा कागद हाय," ते म्हणाले. "तुझा दिवाळीनंतर येतोय. मी पेढे त्या कागदाचे वाटलेत. नि हे बघ, खाल्लेला पेढा कुणाच्या पोटातनं काढता यायचा नाय. आता तुलाच पास व्हाया लागंल."

त्यानंतरचे चार महिने मी कधी विसरणार नाही. सगळ्या वाडीने माझा पेढा खाल्ला होता आणि तो फुकट जाऊ द्यायला कोणी तयार नव्हतं. मी क्रिकेट खेळताना दिसलो की गुरं राखणारे काका समोरच्या टेकाडावरून ओरडत, "पेढा खाल्लाय रे आम्ही." ओढ्यापलीकडच्या पहिल्या घरातली म्हातारी तर मला अडवून विचारायची की इंग्रजी कुठवर आलं, जसं काही ते महाडहून चालत निघालं होतं. तिला दात नव्हते. माझ्यासाठी तिने पेढा विरघळेपर्यंत तोंडात धरला होता, हे ती मला दर भेटीत ऐकवायची. मी हसायचो, पण मला ते जड जायचं. पुस्तक उघडलं की पानावर पेढ्यांची रांग दिसायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी मामांना तसं बोलूनही गेलो. म्हटलं, तुम्ही पेढे वाटले नसते तर बरं झालं असतं. मामांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि ओढ्याकडे चालू लागले. 

मी पास झालो. पुढच्या जूनमध्ये महाडच्या कॉलेजात बीएला नाव घातलं. त्या दिवशी मामा माझ्याबरोबर आले होते, धुतलेली टोपी घालून. मी रांगेत होतो तेव्हा त्यांनी शिपायाला विचारून घेतलं की शेवटचा कागद कुठल्या खिडकीत देतात, आणि ती खिडकी लांबून पाहून आले. मग मला बाजारात जरा काम हाय म्हणाले आणि गेले. मी बिरवाडीला कंपनीतल्या मुलांच्या खोलीवर राहायला गेलो.

आणि नंतर पेढे आलेच नाहीत. पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं. मामा बाकी सगळ्या गोष्टी पूर्वीसारख्याच आधी साजऱ्या करत होते. धाकट्या मुलीला दिवस गेल्याबरोबर पाळण्याची दोरी विकत आणली. कोकण रेल्वे सुरू व्हायच्या वर्षभर आधी वीरला जाऊन स्टेशनच्या जागेवर नारळ फोडून आले. फक्त माझ्या बीएचं नाव काढत नव्हते. मला बरं वाटायला हवं होतं, मीच तर बोललो होतो. पण बरं वाटत नव्हतं. ज्या माणसाने न पेटणाऱ्या बल्बवर दोन वर्षं विश्वास ठेवला, त्याचा माझ्यावरचा एका नापासात उडाला, असं मनात यायचं. तिसऱ्या वर्षीच्या दिवाळीत मी न राहवून म्हटलं की मामा, जूनला शेवटचा निकाल. ते म्हणाले, "लागंल की." आणि करंजी उचलली. फराळाला आलेल्या ओढ्यापलीकडच्या म्हातारीने तेवढ्यात मला "काय रं बीए" अशी हाक मारली, तर तिच्या शेजारी बसलेले गुरं राखणारे काका उगाच मोठ्याने खोकले. मला वाटलं, दोघं चिडवतायत. आईकडे पाहिलं, तर ती चुलीत फुंकर घालत होती.

त्याच वर्षी शिमग्याच्या आधी मामा गेले. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. तेराव्याला मुंबईहून सगळे आले, वडे झाले, आणि मामी पानं वाढताना एकदा मध्येच थांबली. मामांच्या आयुष्यातली आधी न झालेली ही एकच गोष्ट.

जूनमध्ये मी बीए झालो, दुसऱ्या वर्गात. महाडला पेढे घेतले, पोलादपूरला उतरलो, आणि या वेळी सरळ वाटेने चढून घराआधी ओढ्यापलीकडे गेलो. पहिलं घर म्हातारीचं. तिने पेढा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"ह्यो कशाचा रं?"

"बीए झालो, आजी."

"तो खाल्ला की. ह्यो कशाचा?"

वयामुळे गोंधळली असेल असं समजून मी पुढे गेलो. काकांनीही विचारलं की बीएचे मागंच झाले ना. तिसऱ्या घरात एक बाई तोंडाला पदर लावून हसली आणि मामीकडे जा म्हणाली.

मामी ओटीवर तांदूळ निवडत होती. पेढ्यांचा पुडा बघून तिने सूप बाजूला ठेवलं. "कुणी सांगितलं नाय ना तुला?" ती म्हणाली. "तीन वर्सं सांभाळलं बघ वाडीनं." मी कॉलेजात नाव घातलं त्याच दिवशी मामा महाडहून दोन पुडे घेऊन आले होते. पोरगा बीए झाला, असं सांगत दोन्ही वाड्या फिरले, आणि प्रत्येकाला पेढा देताना शपथ घातली की त्याला कळता नये. "मागल्या टायमाला माझ्या पेढ्यांचं त्याला वझं झालं, म्हणाले. ह्या बारीला वझं आपण उचलू, त्याला नुसता शिकू दे."

 आईला ठाऊक होतं का, एवढंच मी विचारलं.

"पयला पेढा तिनंच खाल्ला," मामी म्हणाली. "नि तुझ्या वाटचा दुसरा बी तिनंच खाल्ला. तुला कसा देणार?"

मी पुडा मांडीवर घेऊन ओटीवर बसलो. आढ्याला सुतळीची गाठ अजून तशीच होती. तीन वर्षं मी बीए होतो आणि मला ठाऊक नव्हतं.