नकाशावरची निळी नदी

मी मुळातच उतावीळ. ऐंशीच्या दशकात कोलशेतच्या एका खासगी कचेरीत ट्रेसर होते. जुन्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून रेघ न् रेघ शाईने उतरवायची, हे माझं काम. एकदा राजस्थानच्या वाळवंटाचा, इंग्रजांच्या काळातला नकाशा टेबलावर आला. नुसत्या वाळूच्या टेकड्या, लांब लांब एखादी विहीर आणि मधून गेलेली एक नदी.

नियम साधा होता. पाण्याची नदी निळी, कोरडी नदी काळी. पण मी वाढले शहाडला, उल्हास नदीच्या काठी. नदी दिसली आणि हाताने आपसूक निळी शाई उचलली. तपासणारे काका खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. चष्मा पुसून म्हणाले, "बेस काम झाला गो पोरी," आणि सही केली.

शुक्रवारी आमचे सर्व्हेअर साहेब तीच प्रत आणि दोन माणसं घेऊन वाळवंटात निघाले. रविवारी मी नदीवर गोधड्या धूत होते. मे महिन्यातही घोट्याएवढं पाणी वाहत होतं. ते बघता बघता एकदम लक्षात आलं. मूळ नकाशातली ती रेघ विटून करडी झाली होती, म्हणजे ती काळीच असणार. गोधड्या तशाच टाकून मी कल्याणचं तारघर गाठलं आणि साहेबांच्या तिथल्या लॉजच्या पत्त्यावर तार केली: नदी कोरडी, पाणी न्यावे.

उत्तर नाही. पुढचे पंधरा दिवस पाण्याचा पेला तोंडाला लावला की ते तिघे दिसायचे. मी काकांवर चिडत होते, स्वतःवर त्याहून जास्त. घरात कुणी हाक मारली तरी अंगावर जायचे.

साहेब परतले ते रापून काळे होऊन. तार त्यांना मिळालीच नव्हती.

"मग पाणी?" मी विचारलं.

"नेलं होतं. मी दुष्काळी माण तालुक्यातला, ताई. काठावर एक गाव नाही, त्या नदीला पाणी कुठलं असणार? बरोबरचे दोघे मात्र ठाण्याचे. नकाशात नदी आहे, पिंपांचं ओझं कशाला, म्हणून वाटेत उतरवायला निघाले होते."

ते रागावले नाहीत. प्रत माझ्यासमोर ठेवून चहाला गेले. मी ब्लेडने निळी रेघ खरवडायला घेतली. काका खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले आणि ती नदी पुरती काळी होईपर्यंत उठले नाहीत.