प्लास्टिकमा करंट

दादा गेल्यापासून घरी येणारा जो तो त्याचा एक किस्सा सांगून जातो. रडायला येतात, हसतात, आणि मी हसलो की मलाच ओरडतात!

दादा शहाद्याच्या कॉलेजात प्लास्टिकमधून करंट न्यायचा. तारेचं काम प्लास्टिक करेल, मग मोबाईलची रुमालासारखी घडी घालू, असं म्हणे. अडचण एकच. हवा लागली की त्या प्लास्टिकची पातळ फिल्म महिन्याच्या आत मरायची, करंट बंद.

मी सातवी नापास. कॉलेजसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.

*

प्लास्टिकमध्ये ॲसिड मुरवलं की करंट वाहतो. त्याला म्हणतात डोपिंग. दादा फोनवर त्याच्या गाइड सरांना म्हणाला, "आज डबल डोपिंग केलं सर, आता भारी चाललंय!"

शेजारी मामा. उठले, दादाचं नाक धरलं. "तोंड उघाड!"

वास कांद्याचा निघाला!

*

ॲसिड असलं की फिल्म हिरवी, गेलं की निळी. आईने त्याच्या कोटावरचा हिरवा डाग सोड्याने धुतला, तर निळा! लिंबू चोळलं, परत हिरवा! तिने कोट अंगणात भिरकावला.

"हाई कपडा शे का सरडा!"

*

एकदा तो डबा खायला दुकानात आला. फिल्म टेबलावर. चहा सांडेल म्हणून मी ती लॅमिनेट करून टाकली!

गेटपर्यंत मारायला धावला. मग मध्येच थांबला. "आत हवाच शिरणार नाही! वायरसाठी दोन्ही टोकं उघडी ठेवून दुसरी करशील?"

"आधार कार्डाच्या साइजमध्ये?"

"गधड्या, नखाएवढी!"

ती फिल्म महिनाभर हवेत ठेवून बघायचं ठरलं. महिना भरायला दहा दिवस होते. मोटरसायकलवर दादाचेच भरले.

*

दहाव्याला प्रकाशा गावी, तापीच्या घाटावर. कावळा पिंडाला शिवेना.

मामा हात जोडून म्हणाले, "तुन्हा भाऊनं लगीन करी देसूत!"

कावळा ढिम्म.

मी ओरडलो, "माझं लग्न काय करायचंय त्याला? फिल्म दाखवा!"

महिना त्याच दिवशी भरत होता, म्हणून सर ती खिशात घेऊनच आले होते. पिंडाशेजारी दगडावर ठेवली. सेल जोडला, बारका लाल दिवा जोडला.

पेटला!

मी हंबरडा फोडला. तेवढ्यात कावळा झेपावला. पिंड सोडला, फिल्म उचलली, आणि वायर लोंबकळत तापीवरून पार!

सर बुटांसकट चिखलात धावले, "अरे, रीडिंग घ्यायचं राहिलं!"

आईने पदराने डोळे पुसले.

"त्याले लई जाऊ द्या सर. फिल्म त्यान्हीच शे."