पेन्सिलीतल्या नोंदी

दिल्लीच्या मयूर विहारातल्या आमच्या मराठी मंडळाची वधूवर-नोंदवही बरीच वर्षे माझ्याकडे होती. मी शाळेत गणित शिकवीत असे, अक्षर नीटस होते. बहुधा तेवढ्यावरच हे काम माझ्याकडे आले. वहीचा एक शिरस्ता होता. शिक्षण, नोकरी, जन्मवेळ शाईने लिहायची. घरच्यांनी विश्वासाने सांगितलेले पेन्सिलीने. लग्न ठरले की पेन्सिलीची ओळ मी खोडरबराने पुसून टाकीत असे.

नोएडात तेव्हा नवी ऑफिसे उघडत होती. तिथल्या एका छोट्या कंपनीने मंडळाला या नोंदणीसाठी संगणकाचा प्रोग्राम दिला. आठवड्यातून एकदा तो टेलिफोनच्या तारेला जोडावा लागे. तारेवरून नेमके काय जाते, असे मी त्यांच्या प्रतिनिधीला विचारले.

"मॅडम, बिल्कुल सेफ है. अंदर का तो हम किसी को नहीं दिखाते."

रीत न दाखवता नुसते उत्तर लिहिणाऱ्या मुलाला मी कधी पूर्ण गुण दिले नव्हते. त्या गृहस्थांना दिले. सुट्टीत बसून सगळी वही टंकली. पेन्सिलीतले 'विशेष माहिती' या रकान्यात.

काही महिन्यांनी खालच्या मजल्यावरची मुलगी माझ्याकडे आली. ती गुडगावात संगणकाच्याच कामाला होती. लहानपणी तिला फिट्स येत, त्या औषधाने थांबल्या होत्या. हे तिच्या आईने फक्त मला सांगितले होते. आता करोल बागेतल्या एका विवाहसंस्थेचा फोन आला होता. तिथे यांनी कधी नावच दिले नव्हते, तरी 'अशा केसेससाठी' वेगळी स्थळे आहेत, असे त्यांना ऐकवण्यात आले. आई म्हणत होती, नोंदणीतून नावच काढून टाका.

"काकू, तुम्ही कुणाला बोललात?"

"बोलले नाही. लिहिले."

कंपनीला विचारले. माहिती बाहेर जात नाही, म्हणाले. आतली रचना दाखवा म्हटल्यावर ते व्यवसायाचे गुपित निघाले. माहिती तिथूनच फुटली हे मला सिद्ध करता आले नाही. फुटली नाही हे ते दाखवायला तयार नव्हते. पडद्यावरून मी तिची नोंद पुसली, पण ती खरोखर पुसली गेली का, हे कळायला मार्ग नव्हता.

पुढच्या रविवारी तिने दुसरा प्रोग्राम आणला. त्याची ओळ न् ओळ कुणालाही वाचता येत होती. मला त्यातले काय कळणार, असे मी म्हटले.

"तुम्हाला नाही, मला कळतं. आणि मी चुकीचं सांगितलं, तर तिसरा कुणी वाचून तुम्हाला सांगेल."

दुपारभर बसून तिने तो वाचला आणि तार जोडणारा भाग काढून टाकला. मग ती 'विशेष माहिती'पाशी थांबली. हा ठेवू का, असे तिने विचारले. रीत उघडी असली म्हणून प्रत्येक गोष्ट मांडायलाच हवी असे नाही, हे एव्हाना मलाही उमगले होते. मी काढ म्हटले. तिने तो रकानाच काढला आणि पहिली नोंद स्वतःची केली.

"आईला मी सांगते. आणि ते फिट्सचं, मुलगा समोर बसल्यावर माझं मीच सांगेन."

वहीत तिची पेन्सिलीची ओळ अजून होती. मी ते पान उघडून तिच्यापुढे ठेवले आणि खोडरबर तिच्या हातात दिला.