दाजींची मोटार बाजारात निघते

साताऱ्यापासून सांगलीपर्यंतच्या तमाम स्त्री-पुरुषांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, मोटार विकण्याच्या कामी संपूर्ण नालायक असा माणूस या मुलखात आजवर एकच होऊन गेला, आणि माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न नेमके त्याच्याशीच लागले होते. आम्ही त्यांना दाजी म्हणत असू. लढाईत दाजी पलटणीच्या मोटारी दुरुस्त करीत. लढाई संपली तसे बाकीचे जवान कांबळी, घड्याळे आणि पराक्रमाच्या गोष्टी घेऊन परतले. दाजी पान्यांनी भरलेली एक ट्रंक घेऊन आले. वाटेत कुठल्याशा संस्थानिकाच्या पागेत एक जुनी विलायती मोटार कोंबड्यांचे खुराडे होऊन पडली होती. कोंबड्या तिथेच ठेवून दाजींनी ती विकत घेतली, बैलजोडीला बांधली आणि पाटणच्या वाटेवरच्या आपल्या गावी आणली. आक्का दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. तो आता कुणावरून ओवाळून टाकायचा हे तिला कळेना. दाजी म्हणाले, "आदी तिच्यावरनं टाक. मी काय, घरचाच हाय."

पुढची दोन वर्षे दाजींनी त्या मोटारीत जे जे केले ते पाहून तिला जन्म देणाऱ्या गोऱ्या साहेबाने हंबरडाच फोडला असता. टप फाटका होता, तिथे बैलगाडीची ताडपत्री आली. दारे सागवानी बसली, तीही आक्काला माहेराहून मिळालेल्या पलंगाची. त्यामुळे मोटारीत शिरताना मला दर वेळी वडिलांच्या बिछान्यात पाय टाकल्यासारखे वाटे. हॉर्नच्या जागी पलटणीतला पितळी बिगूल होता. त्याला लावलेला रबरी फुगा दाबला की गावातले झाडून सगळे पेन्शनर शिपाई होते तिथे ताठ उभे राहत. एकजण तर न्हाव्यापुढून अर्ध्या दाढीने उठला होता. पेट्रोल तेव्हा चिठ्ठीवर मिळे, तेही नखाएवढे. म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी होती आणि तिच्या वायूवर इंजिन चाले. त्याच भट्टीवर आक्का वांगी भाजून घेई. कराड किती लांब, असे कुणी विचारले तर दाजी सरळ सांगत, "चार वांगी." आणि सेल्फ? तो तर त्यांनी पहिल्याच आठवड्यात उपटून टाकला. "जनावराम्होरं उबं ऱ्हाऊन हाक मारावी. आत बसून बटन दाबून कुणी जागं करतं व्हय?" तेव्हा हँडल मारल्याशिवाय ती मोटार हलत नसे, आणि ते हँडल दाजी खांद्यावर टाकूनच गावभर हिंडत. देवळातसुद्धा.

पण मोटार जसजशी सुधारत गेली तसतशी दाजींची नजर बिघडत गेली. चष्म्याने भागण्यातले हे नव्हे, असे मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. तरी आक्का शेजारी असली की काही अडत नसे. पदर खोचून, मान पुढे काढून ती अखंड बोलत राही, "म्हस हाय, उजवीकडं घ्या. आता खड्डा. आता सरळ. त्यो म्हातारा वळंल बगा, मी सांगते, वळला!" आणि दाजी तसतसे चाक फिरवीत. एके दिवशी मात्र ते तिला न सांगता एकटेच निघाले, आणि वळणावरच्या कडब्याच्या गंजीत सरळ आत गेले. मोटार दिसेनाशी झाली. गंजीतून नुसता बिगूल ऐकू येत राहिला. लोकांनी दाजींना ओढून काढले तेव्हा आक्का रडली नाही की ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "आज गंजी हुती. उद्या कुनाचं तरी प्वार आसंल. इका ती." दाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

शब्द दिला खरा, पण गिऱ्हाईक आले की त्यांच्या अंगात येई. शेवटी आक्काने मला बोलावून घेतले. "तू हितं बस बापू. ह्ये मान्सं पळवून लावत्यात." मी बसलो. महाबळेश्वरचा एक टॅक्सीवाला आला. त्याने टपावर प्रवाशांच्या ट्रंका किती राहतील असे विचारले, आणि दाजींनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. मग कवठे महांकाळकडचा एक शेतकरी आला, अगदी सज्जन. त्याला मोटार नकोच होती; इंजिन सोडवून विहिरीवर बसवायचे होते. दाजींनी त्याला जेवू घातले, त्याच्याकडच्या कोरड्या विहिरींच्या कथा ऐकून डोळे पुसले आणि म्हणाले, "पावनं, तुमचं दुक्क खरं हाय. पर कसायाला इकायची न्हाई."

आणि मग सांगलीचे अण्णा आले. अण्णा जैन, हळदीचे व्यापारी, कृष्णाकाठी स्वतःची जमीन. त्यांनी वेग विचारला नाही की वय विचारले नाही. मोटारीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर थाप दिली, वाकून खाली पाहिले आणि विचारले, "खोड काय हाय?"

दाजींचा चेहरा फुलला. इतक्या दिवसांत पहिला माणूस भेटला होता! "चढाला रुसतीया जरा. उताराला म्हायेरला निघाल्यागत पळतीया."

अण्णांनी हात पुढे केला. दाजींनी त्यावर आपले उपरणे टाकले, आणि बैलबाजारात करतात तसा बोटे दाबून सौदा सुरू झाला. उपरण्याखाली काय चालले होते देव जाणे. मी मान लांब केली, टाचा उंचावल्या. दाजींचा चेहरा एकदा तापला, एकदा पडला आणि मग निवला, एवढेच मला दिसले.

आक्काने बॉनेटला हळदकुंकू लावले. अण्णांचा ड्रायव्हर पुण्याकडचा, पँट घालणारा. त्याने भट्टी पेटवली, मोटारीपुढे गेला आणि दाजींपुढे हात पसरला, "हँडल द्या."

दाजींनी हँडल छातीशी धरले. "दावं देत न्हाईत."

आता ही आमच्याकडची जुनी रीत. जनावर विकले तरी त्याला बांधायची दोरी, त्याचे दावे, घरच्या खुंटीलाच राहते. दावे राहिले की गोठा रिकामा राहत नाही, असे मानतात. घेणाऱ्याने आपले दावे आणायचे असते.

"अहो, पण ही मोटार आहे! म्हैस नाही!" ड्रायव्हर किंचाळला. "हँडलशिवाय सुरू कशी करू?"

मी आशेने अण्णांकडे पाहिले. व्यवहारी माणूस, चार शहाणपणाच्या गोष्टी सांगेल. अण्णांनी शरमेने मान खाली घातली होती. "गप रं," ते ड्रायव्हरला म्हणाले. "चूक आपली हाय. दावं आपुन आनाय पायजे हुतं."

मग काय! बैल जुंपले, मोटार गावाबाहेरच्या उतारावर नेली, वीस जणांनी ढकलली. ती एकदा शिंकली, दोनदा खोकली आणि खरोखरच माहेरी निघाल्यासारखी पळत सुटली. वळणावर ड्रायव्हरचा हात बिगुलावर पडला असावा. ओढ्याकाठी बसलेले दोन म्हातारे पेन्शनर उठून ताठ उभे राहिले, आणि धूळ खाली बसेपर्यंत तसेच उभे होते.

घरी येऊन दाजींनी रिकाम्या छपरातल्या खुंटीला हँडल अडकवले आणि त्याच्याखाली जमिनीवर बसले. मी आपला उगीच भट्टीची राख पायाने सारखी करीत राहिलो. आक्का चहा घेऊन आली. "सुटले एकदाची," असे म्हणायचे तिने सकाळीच ठरवले होते. मला तसे सांगूनही ठेवले होते. दाजी हळूच म्हणाले, "आता डोळं गेलं तरी चालतंय." आक्काने कपबशी खाली ठेवली. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिले, एकदा खुंटीकडे, आणि मोटार विकायला लावणारी माझी बहीण एकदम ओरडली,

"आवं, दावं हाय न्हवं खुट्टीला? मग आना की दुसरी! एकलं मातूर जायाचं न्हाई. डोळं माझं हायती!"