मिटलेल्या डोळ्यांचं बाळ

दीनामावशीकडे राहणाऱ्या तिच्या भाचीचा, रूथचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात शाडूने भरलेले होते, म्हणून बायकोने मोबाइल माझ्या कानाशी धरला. "काका, आत्या गेली," एवढंच रूथ म्हणाली. सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसल्या बसल्या मान कलली आणि संपलं. आमच्या पेणच्या कारखान्यात त्या दिवशी चारही भिंतींना गणपती लागलेले होते आणि बहुतेकांना अजून डोळे काढायचे होते. आपलं माणूस गेल्याची बातमी इतक्या बिनडोळ्यांच्या देवांसमोर ऐकायची म्हणजे... जाऊ दे. मला गप्प बसवणाऱ्याला गावाने बक्षीस द्यावं असं माझे मित्र म्हणतात. ते बक्षीस त्या सकाळी दीनामावशीने घेतलं. त्याला आता काही आठवडे झाले, पण दुपारी रोह्याहून गाडी आली की अजून माझी नजर दाराकडे जाते, आणि दारात कुणी नसतं, तरी कारखान्यातलं बोलणं आपोआप हळू होतं.

मावशी रक्ताच्या नात्यातली नव्हे. माहेर नगरकडचं, ख्रिस्ती घरातली. लग्न होऊन रोह्याला आली, नवरा लवकर गेला आणि अमोल नावाचा एकुलता एक मुलगा घेऊन ती तिथल्याच दवाखान्यात नर्स म्हणून उभी राहिली. माझी आई आजारी पडली तेव्हा तिथेच मावशीने तिची सेवा केली. आईला घरी आणल्यावर औषधं वेळेवर घेतेय की नाही ते बघायला म्हणून मावशी आली, आणि मग येतच राहिली. आल्या आल्या एखादा रंगाचा डबा बाजूला सारायची, गणपतींच्या रांगेखाली बैठक मारायची आणि म्हणायची, "मी माझ्या प्रभूचं सांगायला आलेय, चहा प्यायला नाही. चहा पण ठेवा." आडपडदा नाही. मी म्हणायचो, "मावशे, हितं एवढे देव बसलेत, त्यांना तरी विचार आधी." ती वर बघून म्हणायची, "ते ऐकतायत रे. कान केवढे केलेस त्यांना!"

मी गणेशोत्सवातल्या नाटकांत वाढलेला माणूस. समोर कुणी गोष्ट सांगत असताना मी नुसता बसून कसा राहणार? मावशी सांगायची आणि मी उठून करून दाखवायचो. प्रभूला क्रुसावर देऊन हात झटकणारा पिलात झालो की गेरूच्या बादलीत हात धुवायचो. प्रभूचा घाबरलेला शिष्य पेत्र झालो की दाराआड लपून "मी नाय ओळखत त्याला!" म्हणून ओरडायचो. पण माझी खरी भूमिका, पेत्राने असं नाकारताच आरवणाऱ्या कोंबड्याची. अशी बांग द्यायचो की शेजारचे खरे कोंबडे उत्तर द्यायचे. मावशी हसून हसून डोळे पुसायची. "अरे मेल्या, तिथं पेत्र रडतोय आणि तू आरवतोस काय!" मात्र गोष्ट क्रुसापाशी आली की ती नुसता तळहात वर करायची. मी बसायचो. पुढचं ती एकटी सांगायची, अगदी खालच्या आवाजात, आणि बायकांचे, पोरांचे, सगळ्यांचे ब्रश थांबायचे. धरमतरकडून कामाला येणारा आमचा पांडू एकदा मध्येच म्हणाला, "मावशी, मंग त्याच्या आयशीनं काय केलं?" मावशी म्हणाली, "ती उभी राहिली. पळाली नाही."

दवाखान्यात कुणी दगावलं की तीच दोन बोटांनी त्याचे डोळे मिटायची, नातेवाइकांचे हात हातात घ्यायची आणि म्हणायची, "देवानं बघितलंय. तो सांभाळील." माझी आई गेली तेव्हा मलाही म्हणाली होती. तिच्या आवाजात ते इतकं पक्कं वाटायचं की हिंदू असो, मुसलमान असो, माणूस त्यावर टेकून उभा राहायचा.

मग अमोल गेला. कंपनीची शिफ्ट सुटल्यावर मोटरसायकलवरून कुठेतरी निघाला होता, खांब गावाजवळ हायवेवर ट्रकखाली आला. लोकांनी त्याला उचलून मावशीच्याच दवाखान्यात आणलं, आणि ड्युटीवर मावशीच होती. आम्ही पोचलो तेव्हा ती नळाखाली हात धूत होती. धूतच होती. डॉक्टर म्हणाले, डोळे तिनेच मिटले, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. दफनाच्या वेळी पास्टरांनी प्रार्थना केली, सगळे "आमेन" म्हणाले. मी तिच्या शेजारी उभा होतो. तिचे ओठ हलले नाहीत.

त्यानंतरही ती पेणला यायची. तीच गाडी, तीच जागा. पण गोष्ट नाही. पांडू म्हणायचा, "मावशी, कायतरी सांगा ना." ती म्हणायची, "नको रे." एकदा मी धीर करून हळूच बांग दिली. ती आपली रीत म्हणून हसली. मावशीची साडी नेसून दुसरंच कुणीतरी आमच्याकडे येऊन बसतंय, असं वाटायला लागलं. ती उठून गेली की बायको, सुलभा, त्या जागेवरून उगाच केरसुणी फिरवायची.

असं वर्षभर तरी चाललं. पुढचा नाताळ जवळ आला तेव्हा ती म्हणाली, "आमच्या मंडळीच्या चर्चात नाताळला मांडतात ना, तो गोठ्यातला बाळप्रभू फुटलाय. तू नवा करून दे."

"करतो की!"

"डोळे मिटलेले कर."

मी हसलो. "मावशे, आमच्या हाताला मिटल्या डोळ्यांचा देव ठाऊक नाय."

"बाळच आहे ना? झोपू दे त्याला," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मी शाडूचं बाळ केलं. वीतभर, मुठी वळलेलं, एक पाय पोटाशी घेतलेलं. रंग दिला, पापण्यांच्या रेघा तेवढ्या शेवटी काढू म्हणून फळीवर ठेवलं आणि एका गिऱ्हाइकाकडे गेलो. आता, आमच्याकडे डोळ्यांची आखणी सुलभा करते. सगळी मूर्ती मी करीन, पण तिच्या हाताने डोळे आल्याशिवाय आमचा कुठलाही देव उंबऱ्याबाहेर पडत नाही, ही घराची पद्धत. मावशी काय बोलली ते मी तिला सांगितलं नव्हतं. तिला फळीवर एक बाळ दिसलं, बिनडोळ्यांचं. ती बसली आणि जीव ओतून तिने डोळे काढले. मी परत आलो तर बाळ टक्क जागं.

"अगो, हे काय केलंस!"

"काय केलं म्हंजे? आंधळा पाठवायचा काय देव?"

"तिनं मिटलेले मागितलेत!"

सुलभाने तोंडावर हात ठेवला. पुसू या, वरून रंग मारू या असं आमचं चाललंय, तोवर दारात मावशी. मी हातातलं फडकं बाळाच्या तोंडावर टाकलं. ती सरळ आली आणि तिने ते उचललं.

किती वेळ ती बघत होती कोण जाणे. मग बोलली, पण आमच्याशी नाही. "बघतोस?" ती त्या बाळाला म्हणाली. "आता बघतोस? त्या दिवशी कुठं बघत होतास?" उशिरा आलेल्या नातेवाइकांना नर्स झापते ना, त्या आवाजात. सुलभा बाळ घ्यायला पुढे झाली तर म्हणाली, "राहू दे गो," आणि तशीच खाली शाडूच्या धुळीत बसली. "जन्मभर लोकांना सांगत आले, तो बघतो म्हणून. मग माझ्या पोराच्या वेळी बघत होता, तर हात का नाही घातला मध्ये? म्हणून म्हटलं, झोपलेला बरा. झोपलेल्यावर राग धरता येत नाही." आणि मग ती रडली. अमोल गेल्यापासून पहिल्यांदा, आमच्या गणपतींसमोर.

सुलभा तिच्याजवळ टेकली. "मिटवून देऊ काय मावशी? एका रेघेचं काम हाय."

मावशीने पुन्हा एकदा बाळाकडे बघितलं. "नको. माझं काय झालंय ते बघू दे त्याला," ती म्हणाली, बाळ पदरात गुंडाळलं आणि गाडीला गेली. त्या नाताळात मंडळीच्या गोठ्यात दुसरंच बाळ होतं, असं नंतर कळलं. हे तिने स्वतःकडे ठेवलं.

हळूहळू गोष्टी परत सुरू झाल्या. माझा कोंबडाही आरवला. पण "तो सांभाळील" हे ती परत कधी म्हणाली नाही. कुणाच्या घरी मयत झालं की जाऊन बसायची, चूल बंद असेल तर भात घेऊन जायची. कुणी विचारलंच, देवानं असं का केलं, तर म्हणायची, "मला नाही कळलं. मी रोज विचारते. तू पण विचार." मी तिला चिडवायचो, "मावशे, हा कसला प्रचार? गिऱ्हाईक पळेल अशानं." ती म्हणायची, "पळू दे. खोटा माल मी विकणार नाही." आणि गंमत अशी की पळालं कुणीच नाही. पूर्वी लोक तिचं ऐकायचे. आता तिच्याशी बोलायला लागले, आणि बोलता बोलता देवाशीही.

दफनानंतर रूथने आम्हाला मावशीच्या खोलीत नेलं. खिडकीशी खुर्ची, समोर टेबल, टेबलावर बाळ. खुर्चीकडे तोंड करून. रूथ म्हणाली, "रोज सकाळी चहा घेऊन याच्यापुढे बसायची. प्रार्थना म्हणायची त्याला, पण काका, भांडणच असायचं ते. मी आतून ऐकायचे." गेली त्या सकाळीही ती भांडत होती. भांडता भांडता गप्प झाली. मग, रूथ म्हणाली, "आत्या म्हणाली, 'बरं.' मला वाटलं मलाच म्हणतेय. म्हणून बाहेर आले तर... मी तर काही बोललेच नव्हते काका."

"कसं म्हणाली?" मी विचारलं. "म्हणून दाखव."

रूथने म्हणून बघितलं. मग परत एकदा. मग जमत नाही अशी मान हलवली.

आता आमच्याकडे कामाची घाई आहे. सुलभा डोळे काढत असते, मी समोर बसून सोंडा साफ करत असतो. मध्येच ती ब्रश थांबवते आणि हळूच म्हणते, "बरं... असं म्हणाली असंल काय?"

मी वेगवेगळ्या आवाजात म्हणून बघतो. थकलेलं बरं, हरलेलं बरं, पोराने हाक मारल्यावर आईने म्हणावं तसं बरं. पांडूही कान देऊन ऐकतो.

"नाय," सुलभा म्हणते. "असं नसंल." आणि पुढचा डोळा काढायला घेते.